कॅशे साफ केल्याने नेमके काय सुधारते? सल्ला हवा आहे

कोरा_कागद: एका संकेतस्थळावर अर्ज भरताना कालपासून ‘पुढे जा’ हे बटण दाबले तरी पान जागचे हलत नाही. तेथील मदत विभागाने कॅशे आणि साठवलेला डेटा साफ करण्यास सांगितले, पण त्याने काय साधते हे सांगितले नाही. माझी अट एकच आहे, ती म्हणजे इतर ठिकाणचे लॉगिन जाता कामा नये.

रानवाट: कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, सर्व चौकटींवर खूण करा आणि सगळे पुसून टाका. मी दर आठवड्याला हेच करतो आणि माझा ब्राउझर कधीच अडत नाही.

शुभ्रपक्षी: रानवाट, त्यांची अट पुन्हा वाचावी. लॉगिनची खूण बहुधा कुकीत, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत असते. कॅशेमध्ये चित्रे, मांडणीच्या फाइली आणि स्क्रिप्ट (पानावरची बटणे वगैरे चालवणारा कोड) यांच्या ब्राउझरने जपलेल्या प्रती असतात. प्रत किती काळ जपायची हे सर्व्हर सेकंदांत कळवतो आणि ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, ही मुदत सर्रास दिलेली आढळते. मधल्या काळात संकेतस्थळाने पान बदलले, पण स्क्रिप्टच्या फाइलीचे नाव तेच ठेवले, तर नव्या पानासोबत जुनीच स्क्रिप्ट चालते. ती ज्या नावाचे बटण शोधते ते आता पानावर नसते, म्हणून दिसणारे बटण दाबूनही काही घडत नाही. कॅशे पुसली की ताजी फाइल उतरते.

जुनाजाणता: माझ्याकडेही पाने अडत असत. मी नवा लॅपटॉप घेतला आणि प्रश्न मिटला. आपणही तेच करावे.

शुभ्रपक्षी: येथे वेगाची तक्रारच नाही. उलट दर आठवड्याला कॅशे पुसल्यास प्रत्येक फाइल पुन्हा उतरवावी लागते आणि पहिली भेट संथ होते. जागा भरत आली की ब्राउझर जुन्या प्रती स्वतःच काढतो.

रानवाट: माझा अनुभव वेगळा आहे. सगळे पुसावे, हेच मी पुन्हा सांगेन.

चांदणी_रात्र: कृपया असे करू नका! मी एकदा सगळ्या चौकटींवर खूण केली आणि तीन पानांचा मसुदा कायमचा गेला, कारण त्या संकेतस्थळाने तो माझ्याच ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवला होता. कुकीच्या चौकटीवर खूण केली की तेही पुसले जाते. जतन केलेल्या पासवर्डची चौकट वेगळी असते, तिलाही हात लावू नका.

शुभ्रपक्षी: हे महत्त्वाचे आहे. फक्त कॅशेच्या चौकटीवर खूण करावी, म्हणजे लॉगिन आणि मसुदा दोन्ही राहतील.

कोरा_कागद: सर्वांचे आभार. माझा अर्धा अर्जही ब्राउझरमध्येच साठवलेला असावा, असे चांदणी_रात्र यांचे उत्तर वाचून वाटले, म्हणून मी काहीच पुसले नाही. त्या पानावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबले. त्यामुळे कॅशे बाजूला ठेवून ते पान नव्याने उतरले, बटण चालू झाले आणि भरलेले रकानेही तसेच होते. अर्ज आताच पाठवला आहे.

रानवाट: तरी एकदा सगळे पुसून घ्या.