अँड्रॉइड हॅन्डहेल्डसाठी ओपनएसएसएल: स्वतः कंपाइल करावं की तयार फाइल उचलावी?

गोरेगावकर
आमचं ऑफिस अंधेरीत, पण अॅप चालतं भिवंडीच्या गोदामांत, बारकोड स्कॅन करणाऱ्या अँड्रॉइड हॅन्डहेल्डवर. स्टॉक सिंक करणारा भाग सी++ मध्ये आहे आणि त्याला ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी लागते. टीममधल्या काहींचं म्हणणं, कुणीतरी कंपाइल करून (सोर्स कोडमधून चालणारी फाइल बनवून) नेटवर ठेवलेली लिबक्रिप्टो, म्हणजे ओपनएसएसएलची मुख्य फाइल, घेऊ, जोडू आणि मोकळे होऊ. मला हे अजिबात मान्य नाही.

एन्क्रिप्शनची लायब्ररी कुणी, कोणत्या सोर्सवरून, कोणते पर्याय लावून कंपाइल केली हे ठाऊक नसेल तर ती वापरूच नये. एप्रिल २०१४ मधला हार्टब्लीड नावाचा दोष आठवा. ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ मध्ये मेमरीतला मजकूर, प्रसंगी सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा, बाहेरच्याला वाचता येत होती. उपाय दोन होते: १.०.१जी घ्या, नाहीतर हार्टबीट (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय, दोष तिच्यातच होता) बंद करणारा पर्याय लावून पुन्हा कंपाइल करा. अँड्रॉइडमध्ये ४.१.१ तेवढं सापडलं. त्यापुढे कंपाइल करतानाच हार्टबीट बंद ठेवलं होतं. बिल्डमधल्या एका पर्यायाने एवढा फरक पडला! तयार फाइल उचलणाऱ्याला तो पर्याय दिसतच नाही.

ठाणे_लोकल
गोरेगावकर साहेब, कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीचं काय झालं? मेमरी तपासणाऱ्या टूलच्या तक्रारी मिटवायला २००६ मध्ये त्यांच्या पॅकेजमधून ओपनएसएसएलच्या ओळी काढल्या गेल्या. मग किल्ल्या बनवायच्या रँडम आकड्यांत फरक पाडायला उरला तो जवळजवळ फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक). एकेका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या शक्य होत्या जेमतेम ३२,७६८. उघड झालं मे २००८ मध्ये. ती तर अनुभवी मंडळी होती. आपल्याकडे बिल्ड स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी बदलून पवईला गेला की ती स्क्रिप्ट पुन्हा कोण उघडतं?

टीएलएस, म्हणजे नेटवरची एन्क्रिप्टेड जोडणी, जावाच्या बाजूला न्या आणि सिस्टमचं कॉन्स्क्रिप्ट (अँड्रॉइडमधली टीएलएसची लायब्ररी) वापरा. त्याच्या खाली ओपनएसएसएलवरून बनवलेलं गूगलचं बोरिंगएसएसएल आहे, आणि अँड्रॉइड १० पासून गूगल प्लेच्या सिस्टम अपडेटमधून ते दुरुस्त होऊ शकतं.

कोडवाली_भांडुप
मग सी++ मधूनच सिस्टमची लिबक्रिप्टो जोडली तर?

गोरेगावकर
ताई, ती वाट अँड्रॉइड ७ ने बंद केली. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी++ कंपाइल करायची गूगलची साधनं) याच्या बाहेरच्या सिस्टम लायब्ररी अॅपला जोडता येत नाहीत. त्याआधीच, अँड्रॉइड ६ मध्ये, ओपनएसएसएलच्या जागी बोरिंगएसएसएल आलं होतं, आणि त्याची फंक्शन्स उद्या तशीच राहतील अशी हमी गूगल देत नाही.

ठाणे_लोकल, डेबियनमध्ये चूक सोर्स बदलण्याची होती, कंपाइल करण्याची नाही. मी म्हणतो अधिकृत सोर्स घ्या, त्याची डिजिटल सही तपासा, आणि एकही ओळ न बदलता बांधा. राहिलं कॉन्स्क्रिप्ट. आमच्या बऱ्याच यंत्रांवर प्लेच नाही. गोदामवाला वर्षानुवर्षं तेच यंत्र वापरतो. त्याला दुरुस्ती पोहोचणार ती आमच्या अॅपमधूनच.

ठाणे_लोकल
यंत्र जुनं म्हणजे कर्नलही (अँड्रॉइडचा गाभा) जुनं. वर नवी लायब्ररी घातली तरी खालची भोकं तशीच. यंत्रं बदला, हे ग्राहकाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

कोडवाली_भांडुप
सांगावंच. पण तोवर त्याचा डेटा उघडा ठेवायचा का? मी कंपाइल करण्याच्या बाजूने आहे, आणि ते वाटतं तितकं अवघड राहिलेलं नाही. एनडीकेचा पाथ द्या, ओपनएसएसएलच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला अँड्रॉइड-आर्म६४ हे टार्गेट आणि किमान एपीआय पातळी (सगळ्यात जुनी कोणती अँड्रॉइड आवृत्ती चालेल ते) सांगा, ओपनएसएसएल ३ सरळ बांधलं जातं. जीसीसी हा जुना कंपायलर वापरणारे जुने लेख मात्र सोडून द्या. एनडीके आर१८ पासून जीसीसी नाही, फक्त क्लँग हा कंपायलर. नो-शेअर्ड हा पर्याय लावून स्टॅटिक (अॅपच्या फाइलीतच मिसळून) जोडा, म्हणजे सिस्टममधल्या त्याच नावाच्या लायब्ररीशी गोंधळ होणार नाही.

बहुतेक जण टेस्टपाशी थांबतात. बनलेल्या फाइली आर्म प्रोसेसरच्या, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर मेक टेस्ट ही चाचणीची आज्ञा चालत नाही. टेस्ट खऱ्या हॅन्डहेल्डवर नेऊन चालवा, नाहीतर कंपाइल झालं एवढंच कळेल, बरोबर चालतं की नाही ते कळणार नाही. आणि अॅप प्लेवरही टाकणार असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यांसाठी १६ केबी पेजची (मेमरीच्या तुकड्याच्या आकाराची) अट आहे. नेटवरच्या जुन्या तयार फाइली तिथेच अडकतात.

ठाणे_लोकल
कृती पटली. माझा प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, ३.० चा ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच. बांधायचंच तर २०३० पर्यंत चालणारं ३.५ घ्या. सोमवारी दुरुस्ती जाहीर झाली तर गुरुवारपर्यंत ती भिवंडीतल्या शेवटच्या हॅन्डहेल्डवर पोहोचेल का, आणि ते कोण करणार? एका माणसाचं नाव बिल्ड स्क्रिप्टशेजारी लिहा. ते लिहिलं जात नाही तोवर माझा विरोध कायम.

गोरेगावकर
माझं लिहा. दुसरं नाव उद्या टीमकडून घेतो. मी रजेवर असताना दुरुस्ती थांबता कामा नये.