तस्करीतून सुटलेल्यांनी फक्त साक्ष द्यावी, की कारभारही पाहावा?

तिऱ्हाईत:
मानवी तस्करीविरोधी परिषदांमध्ये सुटून आलेल्या व्यक्तीला व्यासपीठावर बोलावले जाते, तिची कहाणी ऐकून सभागृह हळहळते आणि निधी कुठे खर्च करायचा हे ठरवायला मात्र दुसरीच मंडळी बसतात. हे निर्णय तिच्याच हाती असावेत, असे माझे मत आहे. १९९६ साली मुंबईच्या कुंटणखान्यांतून सुटून नेपाळला परतलेल्या मुलींनी ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले आणि २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरक्षेच्या नावाखाली आश्रयगृहाला बाहेरून कुलूप घातले की आतल्या मुलीला काय वाटते, हे कळण्यासाठी या स्त्रियांना कोणाचा अहवाल वाचावा लागत नाही.

रुक्ष:
उदाहरण चांगले आहे, पण एका उदाहरणावरून नियम निघत नाही. हिशेब ठेवणे, साक्षीदाराला खटल्यासाठी तयार करणे, समुपदेशन करणे ही शिकून घ्यायची कामे आहेत आणि यातना भोगल्याने ती येत नाहीत. शिवाय अनुभव तरी कोणाचा धरायचा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती आणि त्यांत लैंगिक शोषण सोसणाऱ्यांची संख्या सुमारे ६३ लाख होती. मासेमारीच्या बोटीवर डांबलेल्या खलाशाच्या वतीने कुंटणखान्यातून सुटलेली स्त्री काय बोलणार? अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने सुटलेल्यांचे सल्लागार मंडळ नेमण्याची तरतूद केली, तेवढे मला पुरेसे वाटते.

तिऱ्हाईत:
सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नसते, म्हणून ते पुरेसे नाही. खलाशाचा मुद्दा मात्र मान्य आहे. त्याच्या वतीने त्यानेच बोलावे, एवढेच माझे म्हणणे. फ्लोरिडातील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांची ‘इमोकाली’ संघटना पाहा. शेतांवरील गुलामगिरीची प्रकरणे या मजुरांनी उघडकीस आणली, आणि पुढे मोठ्या खरेदीदारांना अशा करारात बांधले की टोमॅटोला पौंडामागे एक सेंट जादा द्यायचा आणि नियम मोडणाऱ्या शेतमालकाकडून माल घेणे थांबवायचे. मालकाला नेमके कुठे दुखते, हे त्याच्या शेतात राबलेल्यालाच ठाऊक होते. (हिशेब न येणारे विश्वस्त इतर संस्थांत नसतात, असेही नाही.)

कारकून:
रुक्ष यांच्याशी मी सहमत नाही, पण तिऱ्हाईत यांनीही एक गोष्ट सोडून दिली आहे. मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या सन २००० च्या पालेर्मो करारानुसार फसवणूक, बळजबरी किंवा असहायतेचा गैरफायदा यांतून घेतलेल्या संमतीला अर्थ उरत नाही. तरीही तस्करांनी करायला लावलेल्या गुन्ह्यांसाठी सुटलेल्या माणसालाच शिक्षा झाल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. असा डाग कागदावर राहिला की नोकरीच्या अर्जापासून घराच्या भाडेकरारापर्यंत सगळे अडते. मग नेतृत्व कोणत्या बळावर करायचे? आधी ती नोंद पुसावी आणि बैठकीला बोलावलेल्या सल्लागाराला इतर तज्ज्ञांइतकेच मानधन द्यावे. हारतुऱ्यांनी कोणाचे घरभाडे भागत नाही.

रुक्ष:
मानधन आणि नोंद पुसणे, दोन्ही मला मान्य आहे. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. माझी अडचण वेगळीच आहे. पद सुटलेल्यांसाठी राखून ठेवले, तर ते मिळवण्यासाठी आपला भूतकाळ जाहीर करावा लागतो, आणि एकदा जाहीर झालेली ओळख परत झाकता येत नाही. जिला पुढची वीस वर्षे फक्त लेखापाल म्हणून जगायचे आहे, आणि तरीही याच संस्थेत काम करायचे आहे, तिच्यासाठी तुमच्या रचनेत कोणती जागा आहे?

तिऱ्हाईत:
लेखापालाचीच. तिने भूतकाळ सांगावा अशी अट कोणीही घालू नये, आणि राखीव पदासाठी पडताळणी करायचीच असेल, तर ती संस्थेतील एकाच विश्वासू व्यक्तीने करावी व तिची लेखी नोंद ठेवू नये. यातही गळतीचा धोका उरतो, हे मी नाकारत नाही.