मनाच्या दुखण्यावर इच्छामरण? नेदरलँडचे दाखले देण्याआधी जरा थांबा

निशिगंध : काल इथे एकांनी लिहिलं, "शरीराच्या वेदनेला इच्छामरण चालतं, मग मनाच्या वेदनेला का नाही? नेदरलँडने धाडस दाखवलं, आपल्याकडे नुसते संस्कार." खाली टाळ्याच टाळ्या. माझं डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य. त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालं तेव्हा हात इतके थरथरायचे की कप बशीवर वाजायचा. पाहुण्यांसमोर ती चहाच नको म्हणायची. "मला सोडवा" हे त्या काळात रोजचं झालं होतं. डॉक्टर बदलले, डोस बदलला, आज ती शिकवण्या घेते. तेव्हा असा कायदा असता तर तिने अर्ज केला असता, आणि तो अगदी मुद्देसूद असता, कारण ती हुशार आहे. मरावंसं वाटणं हेच ज्या आजाराचं लक्षण, त्यात ती मागणी आजाराची की माणसाची, हे कोण ठरवणार? कॅन्सरला स्कॅन असतो. "आता सुधारणा नाही" हे इथे कुठल्या रिपोर्टवर लिहिणार?

आइंडहोव्हनकर : ताई, बहीण सावरली हे वाचून खरंच बरं वाटलं. पण इथला, नेदरलँडचा कायदा तुम्ही रंगवताय तसा नाही. यातना असह्य आहेत, सुधारण्याची आशा नाही, दुसरा वाजवी उपाय उरलेला नाही, हे डॉक्टरला पटावं लागतं. मग दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत, आणि मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचंही. मानसिक आजाराचे बहुतेक अर्ज मंजूर होतच नाहीत. २०२४ मध्ये एकूण ९,९५८ प्रकरणं, त्यांत मानसिक आजाराची २१९. तुमची बहीण बरी झाली. जी सगळे उपचार करून थकली, तिला काय सांगायचं? आणखी सोस?

निशिगंध : २१९ सांगितलेत, आता मागचेही सांगा. २०१० मध्ये २. २०२३ मध्ये १३८. पुढच्याच वर्षी २१९. अटी त्याच, कायदा तोच २००२ चा. मग वाढलं काय? कॅनडाने २०२१ मध्ये इच्छामरणाचा कायदा रुंदावला, पण मानसिक आजाराचा भाग आधी २०२३, मग २०२४, आता मार्च २०२७ वर ढकलला. यंत्रणा तयार नाही म्हणून. कॅनडाची तयार नाही, आणि आपली असणार?

सनदवाला : हा प्रश्न मुंबईला नवा नाही. मारुती दुबळ हा मुंबई पोलिसांतला शिपाई. अपघातानंतर मानसिक आजार जडला, आत्महत्येचा प्रयत्न केला, वर खटला. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंतांच्या खंडपीठाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टही तेच म्हणालं, १९९६ च्या ग्यान कौर निकालाने चाक उलटं फिरलं. आजारी माणसाला शिक्षा नको, हे योग्यच. पण म्हणून त्याला मरायला मदत करा, हे त्यातून निघत नाही.

पवनारचा_पाहुणा : कोर्ट काय सांगता? प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवणं, आपलंच ना? विनोबा, सावरकर. त्यांना कुणी समुपदेशनाला पाठवलं होतं?

निशिगंध : विनोबा ८७ वर्षांचे, सावरकर ८२. तिशीतल्या मुलीला त्यांचा दाखला देता?

पवनारचा_पाहुणा : वयाचा प्रश्न नाही, अधिकाराचा आहे. विवेकाने देह ठेवता येतो एवढंच म्हणतोय. तुम्हाला सगळीकडे आजारच दिसतो.

आइंडहोव्हनकर : सावरकरांना यात ओढू नका, आता पन्नास प्रतिसाद त्यावरच येतील.

पवनारचा_पाहुणा : का नको? नाव घेतलं की लगेच पोटात दुखतं. १९६६ मध्ये त्यांनी अन्न, औषध सोडलं ते जाहीर भूमिका घेऊन.

सनदवाला : स्वतः अन्न सोडणं आणि डॉक्टरने इंजेक्शन देणं यातला फरक कळत नसेल तर वाद थांबवू.

यवतमाळी : थांबवाच. तुम्ही विनोबा-सावरकर करत बसलात. माझ्या बापाने दोन हंगाम बुडाल्यावर बोलणं सोडलं. दिवसभर बांधावर बसायचा, जेवायला हाक मारली तरी मान वळवायचा नाही. आई अंगारा आणायची. तालुक्याला मनाचा डॉक्टर नाही, नागपूरला न्यायचं तर गाडीभाडं, मजुरी बुडणार. नेता नेता उशीर झाला, बाप गेला. त्याला उपचारच मिळाला नाही, तर "उपचार करून थकला" हे कुणाबद्दल बोलताय? गरिबाला आधी गोळी द्या. मरणाची सोय शेवटी बघू.

आइंडहोव्हनकर : भाऊ, यावर मी काही बोलू शकत नाही. भारतात आज असा कायदा नको, एवढं मान्य. पण इथे ज्यांनी वीस वर्षं उपचार घेतले त्यांचा निर्णय चूक, हे मी म्हणणार नाही.

निशिगंध : माणसं चूक आहेत असं मी कधीच म्हटलं नाही. दार उघडणारा कायदा चूक आहे. आणि हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता फार जड जात असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. सनदवाला, एक विचारायचं होतं. बहिणीच्या ॲडमिशनचा क्लेम विमा कंपनीने "मानसिक आजार वगळलेला" म्हणून फेटाळला.

सनदवाला : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) बघा. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यावा लागतो. फेटाळल्याचं पत्र आणि पॉलिसी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहू, नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जाऊ.