जुनी मसल कार घ्यावी की नवी मस्टँग?

चौथा_गिअर:

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. रोजच्या कामाला एक साधी, विश्वासू सेडान आहे आणि ती तशीच राहणार आहे. गॅरेजमध्ये अजून एका गाडीची जागा आहे आणि त्यासाठी ४५ हजार डॉलर बाजूला ठेवले आहेत. व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर, या दोन अटी पक्क्या.

डोळ्यासमोर दोन गाड्या आहेत. एक म्हणजे शेवरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, फोर-स्पीड, म्हणजे त्या काळातली मोठ्या इंजिनाची 'मसल कार'. विकणारा म्हणतो की दहा-बारा वर्षांपूर्वी तिचं पूर्ण काम केलंय. दुसरी म्हणजे दोनेक वर्षं वापरलेली फोर्डची मस्टँग जीटी, सिक्स-स्पीड. शनिवार-रविवारी बायकोसोबत डेलावेअर वॉटर गॅपच्या बाजूला जायचं, अधूनमधून एखाद्या कार शोला जायचं, एवढाच वापर. मेकॅनिकचं काम मला फारसं येत नाही. ऑइल बदलतो, ब्रेक पॅड बदलतो, त्यापलीकडे हात घातलेला नाही. पण शिकायची मनापासून इच्छा आहे.

शेव्हेल पाहिल्यापासून झोप उडाली आहे. तरी वापरणाऱ्यांकडून ऐकायचं आहे. जुन्या गाडीत नेमकं काय मिळतं आणि काय सोसावं लागतं? आणि ती खरंच वेगवान असते का?

रोजचा_प्रवासी:

मस्टँग घ्या. वेगाचं विचारलंत म्हणून सांगतो, आताच्या जीटीचं पाच लिटरचं इंजिन ४८० अश्वशक्ती देतं आणि तीही खरी, चाचणीत सिद्ध झालेली. गेल्या पिढीतल्या व्ही-सिक्स कॅमरीलासुद्धा ३०१ अश्वशक्ती होती. सिग्नलवरून सुटताना जुन्या बऱ्याचशा मसल गाड्या त्या कॅमरीच्या मागे राहतील.

पण माझा खरा मुद्दा सुरक्षेचा आहे. २००९ मध्ये आयआयएचएस या अमेरिकेतल्या वाहन-सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू यांची समोरासमोर टक्कर घडवली होती. मॅलिबूतल्या चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती. बेल एअरमधला चालक जिवंत राहिला नसता. लोकांना वाटतं जुना पत्रा जाड, म्हणजे गाडी मजबूत. पण पत्रा जाड असून उपयोग नसतो. टकरीचा जोर गाडीने कुठे आणि कसा शोषून घ्यायचा हे आधी ठरवून ती बांधलेली असावी लागते. शेव्हेल बेल एअरपेक्षा अकरा वर्षांनी नवी आहे हे खरं, पण एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही, गाडी घसरली तर सावरणारी यंत्रणा नाही. बायकोला शेजारी बसवून जाणार आहात, एवढं लक्षात ठेवा.

लांब_बॉनेट:

मी डेट्रॉइटजवळ राहते. नोकरीत नव्या गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करते आणि घरी माझी १९६७ ची पॉन्टिअॅक जीटीओ आहे, फोर-स्पीड. दोन्ही बाजू रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेगाचं. कागदावरचे जुने आकडे पाहून हुरळून जाऊ नका. त्या काळी अश्वशक्ती 'ग्रॉस' पद्धतीने मोजत. इंजिन स्टँडवर चढवायचं, त्याला अल्टरनेटर नाही, नेहमीचा एअर फिल्टर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही, आणि मग येईल तो आकडा जाहिरातीत छापायचा. १९७२ पासून सगळा संसार जोडून 'नेट' आकडा द्यायची पद्धत आली. १९७१ मध्ये शेवरोलेने दोन्ही आकडे दिले होते. ४५४ क्युबिक इंचाचं तेच एलएस-५ इंजिन ग्रॉसमध्ये ३६५ आणि नेटमध्ये २८५. माझ्या जीटीओच्या ४०० क्युबिक इंचाच्या इंजिनावर ३३५ लिहिलंय, त्याचाही असाच हिशोब करायचा. तुमच्या शेव्हेलची ३५० अश्वशक्तीही त्याच जातीची. (आणि १९७० च्या '३९६' मध्ये प्रत्यक्षात ४०२ क्युबिक इंच असतात. बिल्ला मात्र जुनाच ठेवला होता.) मस्टँग हिला सहज मागे टाकेल, यात वादच नाही.

मग मी ही गाडी का ठेवली आहे? कारण तिच्यात जे घडतं ते मला कळतं. माझ्या पायापासून कार्बोरेटरपर्यंत (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) सळ्यांची सरळ जोडणी आहे, मध्ये दुसरं कोणी नाही. नव्या गाडीत पेडल हा एक सेन्सर असतो. तुम्ही फक्त इच्छा कळवता, किती हवा आणि किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तो ते माझ्यापेक्षा उत्तम ठरवतो, हे मी चाचणीच्या ट्रॅकवर रोज बघते.

पण क्वाड्राजेट कार्बोरेटर कसा चालतो ते ऐका. त्याला पुढे दोन लहान तोंडं आणि मागे दोन खूप मोठी. साध्या चालीत फक्त पुढची दोन उघडी असतात, गाडी शांत, मवाळ चालते. तिसऱ्या गिअरमध्ये पेडल अर्ध्याच्या पुढे नेलं की मागची मोठी तोंडं उघडतात, आणि बॉनेटखालून एकदम खोल हुंकार येतो. तो सायलेन्सरमधून येत नाही. पुढून, हवा आत ओढली जाण्याचा तो आवाज असतो. नाक वर उचललं जातं, मागचा भाग खाली बसतो आणि सीट पाठीला ढकलते. तेव्हा काटा असतो ताशी ४५ मैलांवर. एवढ्या वेगात मस्टँगमध्ये काहीच घडलेलं नसतं. तिला जागं व्हायला जो वेग लागतो तो रस्त्यावर गाठणं बेकायदा आहे. जुन्या गाडीचं सगळं सुख कायद्याच्या मर्यादेत मिळतं, आणि मला हा तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

थंडीत ती सुरू करायची म्हणजे पेडल दोनदा दाबायचं, त्याने चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) बसतो आणि थोडं पेट्रोल आत फवारलं जातं. मग किल्ली. सुरुवातीला इंजिन चढ्या गतीवर घुमतं, गरम झालं की पेडलला हलकी टिचकी द्यायची, मग ते खाली येतं. कानाने ऐकून हे सगळं करायला मी शिकले, आणि त्या शिकण्यात मला फार आनंद मिळाला.

आता सोसण्याचं. यात हातचं राखून सांगणार नाही, कारण हे माझं रोजचं काम आहे.

ब्रेक. जीटीओला चारही चाकांना ड्रम होते, पुढे डिस्क हव्या तर वेगळे पैसे मोजावे लागत. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, त्यामुळे उतारावर पेडल खाली खाली जातं. पाण्यातून गेलं की गाडी एका बाजूला ओढते. मी पुढे डिस्क बसवल्या आणि मगच ती रहदारीत काढली. तुमच्या शेव्हेलला एसएस पॅकेजमध्ये पुढे डिस्क यायला हव्यात, मागे ड्रम. तरीही एबीएस नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि पाय कधी सैल करायचा ते तुम्हालाच ठरवायचं असतं. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा, पावसात त्याहून जास्त. मधे कोणी घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे व्हा.

पेट्रोल. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती दाबलं जातं ते, १०.७५ ला १ आहे. ते त्या काळच्या शिसंयुक्त, चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेलं. पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर जोर दिला की आतून खडखड येते, म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं मागे ठेवावं लागतं. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि त्या गरम इंजिनावर पाझरतात. आग लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या स्वस्त मिळतात, पहिल्याच आठवड्यात सगळ्या बदला. ऑइलही बघून घ्यावं लागतं. जुन्या कॅमशाफ्टला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं, आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं आणि कॅम झिजतो.

पेट्रोल किती खाते? गॅलनला दहा-बारा मैल. त्याबद्दल अजून काय लिहायचं.

रोजचा_प्रवासी यांचा सुरक्षेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझ्या गाडीत मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत, डोक्यामागे आधार नाही. मुलीला तिच्यात बसवून मी हायवेवर जात नाही. गावातल्या रस्त्यांवर, सकाळी लवकर, कोरड्या दिवशी, एवढंच. तुमच्या शेव्हेलला पुढे खांद्याचा पट्टा आणि डोक्यामागे आधार असेल, कारण तोवर दोन्ही सक्तीचे झाले होते. तो खांद्याचा पट्टा वेगळा असतो आणि बरेच लोक तो वर छताला अडकवूनच ठेवतात. तसं करू नका.

एवढं असूनही तुम्हाला मी शेव्हेलच सुचवेन, कारण तुम्ही 'शिकायची इच्छा आहे' असं लिहिलंत आणि रोजची गाडी वेगळी आहे. यातली एक जरी गोष्ट नसती तरी मस्टँग म्हटलं असतं.

तेलकट_हात:

टेक्सासमधून. ताईंनी चालवण्याचं छान सांगितलं, मी विकत घेण्याचं सांगतो. १९७० च्या शेव्हेलच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) ती मूळची एसएस आहे की शेव्हेलचीच साधी मॅलिबू, हे कळत नाही. त्यामुळे बिल्ले, पट्टे आणि बॉनेट लावून बनवलेल्या 'एसएस' बाजारात भरपूर आहेत. बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्यातला कागद, मागा. ते बहुधा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचलेलं सापडतं, अर्थात उरलं असेल तर. मागचा अॅक्सल बारा बोल्टचा आहे का बघा, पुढे डिस्क आहेत का बघा. हे भागही नंतर बसवता येतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका. कागद नसेल तर साध्या शेव्हेलचा भाव द्या.

आणि गंज! लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या वरच्या पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. डिकीतली चटई उचला. छतावर व्हायनिल असेल तर मागच्या काचेच्या खालच्या कडेला दाबून बघा, व्हायनिलखाली पाणी साचून पत्रा कुजतो. इंजिन कसंही दुरुस्त होतं. कुजलेली चासी मात्र खिसा रिकामा करते.

चौथा_गिअर:

सगळ्यांचे मनापासून आभार. लांब_बॉनेट ताई, अजून एक विचारतो. कोणी म्हणतं जुनी बॉडी घ्या आणि आत नवं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर, सगळं घाला. म्हणजे रेस्टोमॉड. दोन्हीतलं चांगलं मिळेल का?

लांब_बॉनेट:

माझं मत सांगते, बरेच लोक असहमत होतील. गाडी थांबवणाऱ्या आणि सरळ ठेवणाऱ्या गोष्टी बिनधास्त बदला. ब्रेक, रेडियल टायर, शॉक अॅब्सॉर्बर, पट्टे. तेव्हाचे बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या जुन्या बांधणीचे) टायर रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेमागे धावतात, मूळ दिसावं म्हणून ते लावण्यात मला अर्थ वाटत नाही. पाचवा गिअरही समजू शकते. फोर-स्पीडमध्ये हायवेवर इंजिन सतत ओरडत असतं, तासाभरात माणूस दमतो. काढलेले मूळ भाग मात्र नीट गुंडाळून ठेवा, फेकू नका.

इंजिनाला आणि कार्बोरेटरला हात लावू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. त्यांच्यासाठीच तर ही गाडी घेताय. तिथे कॉम्प्युटर आणून बसवला तर पुन्हा तुमच्या आणि इंजिनाच्या मध्ये तोच येऊन बसेल. मग मस्टँग काय वाईट होती? तिच्यात तो कॉम्प्युटर कारखान्यातल्या शेकडो माणसांनी जीव ओतून नीट बसवलेला असतो. आम्ही त्यासाठी किती खपतो ते मला माहीत आहे.

मस्टँगबद्दल एक मात्र म्हणेन. तिच्या स्पर्धक शेवरोले कॅमेरो आणि डॉज चॅलेंजर, दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. व्ही-एट आणि हाताचे गिअर असलेली त्या घराण्यातली आता ती एकटीच उरली आहे. शेव्हेल तपासणीत नापास झाली तर उदास होऊ नका, मस्टँग घ्या आणि मनसोक्त चालवा. कमीपणाची निवड नाही ती. फक्त ताज्या मॉडेलमध्ये काटे, घड्याळं सगळी पडद्यावर आहेत. पन्नास वर्षांनी तो पडदा गेला तर कोण दुरुस्त करेल, याची मला चिंता वाटते. माझ्या कार्बोरेटरचं गॅस्केट किट आजही टपालाने घरी येतं.

शेव्हेल बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का तापवून ठेवलं ते विचारा. थंड असेल तर स्वतः सुरू करा आणि मागे जाऊन धूर बघा. पहिल्या क्षणी निळसर झुळूक येऊन थांबली तर व्हॉल्व्हची सील जुनी झाली आहेत, ते काम परवडतं. निळा धूर थांबतच नसेल तर किमतीवर न बोलता परत या. मग गाडी पुरती गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करून बघा. जुन्या व्ही-एटची खरी परीक्षा तिथे होते. तेवढ्या वेळात ऑइलच्या दाबाचा काटा आणि गाडीखालची जमीन, दोन्ही बघून घ्या, आणि इथे कळवा.