शेजाऱ्यांची काळी-चंदेरी कॉर्व्हेट: अस्सल आहे, पण दुर्मीळ आहे का?

डेटनकर

ओहायोत आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचा स्नोब्लोअर (बर्फ उडवायचं यंत्र) परत करायला गेलो, तर गॅरेजमध्ये ताडपत्रीखालून काळं नाक बाहेर आलेलं दिसलं. १९७८ची शेवरले कॉर्व्हेट, वरचा भाग काळा, खालचा चंदेरी, मधून लाल रेघ. "इंडी पेस कार. १९७८ साली नवीकोरी घेतली," म्हणाले. "तीनशेच काढल्या होत्या. कॉलेजचा खर्च निघेल नातवंडांचा."

मी रात्री घरी येऊन वाचत बसलो, दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन टॉर्च लावून बघून आलो. माझं मत असं: गाडी शंभर टक्के खरी आहे, पण दुर्मीळ नाही. तीनशेची गोष्ट थाप आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सुरुवातीला सगळ्या स्पर्धकांच्या पुढे एक गाडी वेग बांधून धावते, ती पेस कार. १९७८ साली हा मान पहिल्यांदा कॉर्व्हेटला मिळाला, आणि कॉर्व्हेटचं ते पंचविसावं वर्ष. शेवरलेने तशाच रंगाच्या गाड्या विक्रीला काढल्या. आधी ३०० काढायचा विचार होता, मग पंचवीस वर्षांचे दरवर्षी शंभर म्हणून २,५०० झाला, आणि मग डीलरांची ओरड सुरू झाल्यावर प्रत्येकाला किमान एक द्यायचं ठरलं. देशात सहा हजारांवर डीलर. शेवटचा आकडा ६,५०२. म्हणजे ३०० हा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो बेत होता, झालेलं काम नव्हे.

प्रश्न एवढाच: म्हाताऱ्या माणसाला हे सांगावं का?

सदाशिवपेठी स्पॅनर

आधी खरी आहे हे कशावरून ठरवलंत ते सांगा. दारावरच्या 'पेस कार'च्या मोठ्या अक्षरांवरून ठरवलं असेल तर धागा इथेच बंद करा.

डेटनकर

दारावर एक अक्षर नाही! आणि तेच मला आवडलं. ती अक्षरं कारखान्यात लावलीच जात नव्हती. स्टिकरं गाडीत वेगळी ठेवून यायची, लावायची की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवायचं. यांची पेटी तळघरात आहे, अजून उघडलेली नाही.

ओळख आहे ती पुढच्या काचेच्या डाव्या खांबावरच्या, कारखान्याचा गाडी नंबर असलेल्या पाटीत. बाहेरून काचेतून दिसते. बाहीने धूळ पुसली, टॉर्च तिरका धरला आणि एकेक अक्षर वाचलं. त्या काळचा नंबर तेरा जागांचा: १ म्हणजे शेवरले, झेड म्हणजे कॉर्व्हेट, ८७ बॉडी, मग इंजिनचं अक्षर, ८ म्हणजे १९७८, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना, आणि पुढे सहा आकडी क्रमांक. साध्या गाड्यांचा क्रमांक ४ने सुरू होतो, ४००००१पासून. पेस कारची वेगळी मालिका होती, ९००००१ ते ९०६५०२. आठव्या जागी ९ दिसला की झालं, ४ असेल तर वर कितीही काळा रंग फासा. इथे ९ आहे.

चिंचवडचा चिन्मय

म्हणजे स्टिकर असलेली गाडी संशयास्पद?

सदाशिवपेठी स्पॅनर

संशयास्पद नाही, पुरावा नाही एवढंच. स्टिकरं आजही नवी छापून मिळतात. रंग कोणीही मारतो. पुढचा-मागचा स्पॉयलर? १९७९च्या कॉर्व्हेटवर तो पैसे देऊन घेता यायचा, तिथला काढून इथे बसतो. आणि पेस कारच्या त्या नव्या पातळ सीट तर १९७९ला सगळ्याच गाड्यांना आल्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सिल्व्हर अ‍ॅनिव्हर्सरी नावाच्या दुसऱ्या खास कॉर्व्हेटशी. त्याच वर्षी दोन छटांच्या चंदेरी रंगात १५,२८३ गाड्या निघाल्या. वर फिकट, खाली गडद. त्यातल्या एखादीला वरून काळं करा, लाल रेघ ओढा, स्टिकर डकवा, की फोटोत पेस कार तयार. मी स्वतः फसता फसता वाचलोय. न्यू जर्सीतला एक विक्रेता फोनवर गोड बोलत होता, पण पाटीचा फोटो म्हटलं की "उद्या पाठवतो". तो उद्या आलाच नाही.

बोल्टकाका

डेटनकर, ओळखीबद्दल सगळं बरोबर. "दुर्मीळ नाही" हे मात्र मान्य नाही. तुम्ही निघालेल्या गाड्या मोजताय, मी उरलेल्या मोजतो. ४७ वर्षांत किती ठोकल्या गेल्या, किती रंगवल्या गेल्या, कितींची इंजिनं बदलली. पहिला मालक, न उघडलेली स्टिकरांची पेटी, मूळ रंग. अशी गाडी दर शनिवारी दिसते का तुम्हाला?

अंकगणित ताई

काका, माफ करा, पण या गाडीच्या बाबतीत तुमचा मुद्दा उलटा पडतो. १९७८ साली एकूण कॉर्व्हेट निघाल्या ४६,७७६. त्यात ६,५०२ पेस कार, म्हणजे दर सात गाड्यांत जवळपास एक. "मर्यादित आवृत्ती" कशाला म्हणायचं याला काही मर्यादा? १९६७ची एल-८८ इंजिनची कॉर्व्हेट वीसच निघाली होती. १९५३ची, पहिल्या वर्षाची कॉर्व्हेट सगळी मिळून ३००. (मला तर वाटतं लोकांच्या डोक्यात हे तीनशे आणि ते तीनशे एकमेकांत मिसळलेत.)

आणि उरलेल्यांचं म्हणाल तर इतर गाड्या लोकांनी चालवून झिजवल्या. ही पहिल्याच दिवसापासून "गुंतवणूक" म्हणून ताडपत्रीखाली गेली. मार्च १९७८मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने पहिल्या पानावर या गाडीच्या सट्ट्याची बातमी दिली आणि लोक डीलरांच्या दारात तुटून पडले. छापील किंमत १३,६५३ डॉलर, साध्या कॉर्व्हेटची ९,३५२. तरी लोकांनी वीस हजारांच्या वर मोजले. म्हणून कमी चाललेल्या, जपून ठेवलेल्या गाड्या याच मॉडेलच्या ढिगाने निघतात. जपणं ही इथे दुर्मीळ गोष्टच नाही.

बोल्टकाका

आकडे पाठ आहेत तुम्हाला, मानलं. पण बाजारात जास्त गाड्या दिसतात म्हणून गाडीचं मोल कमी होत नाही. कोणाच्या तरी बापाने ती स्वप्न म्हणून घेतली होती.

अंकगणित ताई

मोल नाही म्हणाले मी कुठे? किंमत म्हणाले. १९७८ साली सोनं औंसाला सरासरी १९०-१९५ डॉलर होतं. छापील किमतीत सत्तरएक औंस आलं असतं. आजच्या भावाने तुम्हीच गुणा. महागाई धरली तरी ते १३,६५३ आजचे ६५ हजारांच्या आसपास होतात, आणि चांगली, चालू स्थितीतली पेस कार मी वीस-तीस हजारांत विकली जाताना पाहिलीय. आजोबांनी गाडी घेतली हे छान केलं. कॉलेजच्या खर्चासाठी घेतली असेल तर आमच्या आजीने पाटल्या केल्या ते जास्त शहाणपणाचं.

रंकाळ्याचा रॅम्बो

गाड्यांच्या धाग्यावर पाटल्या आल्या, आता धागा शंभरी गाठणार 😄

मला एक सांगा, हिला "पेस कार रेप्लिका" का म्हणतात? रेप्लिका म्हणजे नकली ना? माझा चुलतभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याला कोणीतरी सांगितलं की रेप्लिका लिहिलेली घेऊ नकोस.

सदाशिवपेठी स्पॅनर

भावाला सांगा, त्या कोणीतरीचं ऐकू नको. रेप्लिका म्हणजे शर्यतीत धावलेल्या गाडीसारखी कारखान्यानेच काढलेली. २८ मे १९७८ला ट्रॅकवर जी धावली ती जिम रॅथमन यांनी चालवली, आणि शर्यत अल अन्सरने जिंकली. बाकीच्या हजारो गाड्यांनी तो ट्रॅक पाहिलाही नाही. त्यामुळे उलटा सावधपणा हवा. "ही प्रत्यक्ष शर्यतीत धावली" असं कोणी म्हणालं तर कागद मागा.

दुसरी एक समजूत, की पेस कार म्हणजे खास ताकदीची. तसं काही नाही. साध्या गाडीला मिळणारीच दोन इंजिनं, दोन्ही ५.७ लिटर. एल-४८ला १८५ अश्वशक्ती, एल-८२ला २२०. पाटीवर पाचव्या जागी एल असेल तर पहिलं, ४ असेल तर दुसरं. डेटनकर, तुमच्या इथे काय आहे?

डेटनकर

एल. म्हणजे १८५वालं.

बोल्टकाका

पाटीवर थांबू नका. इंजिनच्या ब्लॉकवर पुढे, उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढ्यात एक सपाट पट्टी असते. बेल्ट-पुल्यांच्या गर्दीत आहे, काजळी पुसावी लागेल. तिथे गाडीचे शेवटचे सहा आकडे ठोकलेले असतात. ते पाटीशी जुळले तर इंजिन मूळचं. आकड्यांच्या खाली पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा दिसतात का तेही बघा, कारखान्यात पट्टी यंत्राने सपाट करताना (ब्रोचिंग) उठलेल्या. पट्टी गुळगुळीत घासलेली दिसली तर कोणीतरी नंतर नंबर ठोकलाय. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर कारखान्याचा कागद चिकटवलेला असायचा, पण तो बघायला टाकी उतरवावी लागते, त्याच्या मागे आत्ता लागू नका.

आणि खाली वाका. फायबरग्लास गंजत नाही म्हणून कॉर्व्हेट गंजत नाही, ही या गाडीबद्दलची सगळ्यात महागात पडणारी समजूत. कातडं फायबरग्लासचं आहे, सांगाडा लोखंडी. काचेभोवतीची चौकट आणि मागच्या चाकांपुढची चॅसी हाताने चाचपा. ओहायोतल्या रस्त्यांवरचं मीठ कोणाला सोडत नाही.

अंकगणित ताई

हे मात्र शंभर टक्के सहमत. गंजाला उत्पादनाचा आकडा कळत नाही.

चिंचवडचा चिन्मय

मूळ प्रश्न राहिलाच. सांगायचं की नाही? माझं मत, नका सांगू. सत्तरी ओलांडलेला माणूस, कशाला हिरमोड करायचा.

बोल्टकाका

मीही म्हणतो राहू द्या.

अंकगणित ताई

आणि उद्या कोणी दलाल येऊन चुकीच्या भावात घेऊन गेला तर? किंवा ते लाखाची वाट बघत बसले आणि टाकीतलं पेट्रोल आणखी दहा वर्षं सडलं तर? खरं सांगणं हाच शेजारधर्म.

डेटनकर

सांगून आलो. तुमच्या वादात मला झोप लागेना.

आधी ती पट्टी बघितली. बायकोची जुनी टूथब्रश आणि थोडं रॉकेल. आकडे जुळले, रेघाही दिसल्या. चौकटीला उजवीकडे वर, काचेच्या रबराखाली फोड आहेत, बोट आत जाण्याइतके नाहीत. काका, चॅसी चांगली आहे.

मग ६,५०२चा आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत, गॅरेजमधल्या कपाटातून खरेदीची एक पिवळी पडलेली पावती काढली. १९७९ साली विकायला गेले होते, तेव्हाच डीलरने हसून सांगितलं होतं म्हणे, तुमच्यासारखे या महिन्यात चौथे. तीनशेची गोष्ट ते बायकोला सांगायचे, गाडी विकायला लागू नये म्हणून. ती चार वर्षांपूर्वी गेली, पण सवय राहिली.

पावतीवर १९,५०० डॉलर आहेत, छापील किमतीपेक्षा जवळपास सहा हजार जास्त. ताई, सोन्याचा हिशोब मी त्यांना सांगितला नाही.

शनिवारी टाकी रिकामी करायची आहे आणि नवी बॅटरी आणायची आहे. स्पॅनर, कार्ब्युरेटर उघडायची वेळ आली तर व्हिडिओ कॉल करीन, उचला.

सदाशिवपेठी स्पॅनर

तुमच्याकडे सकाळ असताना करा. माझी रात्रीची आठ वाजता जेवणाची वेळ असते, ती सोडून कधीही.