गणपतीची खरेदी, दुकानातील पाच ग्राहकांची मर्यादा आणि आपली गावातली दुकाने

मूळ मांडणी (दापोली, 8 ऑगस्ट 2020)

गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला आहे, 25 तारखेला गौरी येतील, आणि कोरोनाच्या साथीमुळे चाकरमान्यांनी 12 तारखेच्या आत गावी पोचून दहा दिवस विलगीकरणात राहावे, असे शासनाने ठरवले आहे. म्हणजे दरवर्षी मुंबईकरांच्या हातून होणारी निम्मी खरेदी यंदा गावात आधीपासून असलेल्या मोजक्या माणसांनाच करावी लागणार आहे. त्यातच एका वेळी दुकानात पाचांहून अधिक ग्राहक नकोत आणि दोघांमध्ये सहा फुटांचे अंतर हवे, ही अट मे महिन्यापासून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती योग्यच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझे म्हणणे असे की, यंदाची खरेदी तालुक्याच्या आणि गावाच्या दुकानांतूनच व्हावी, आणि त्यासाठी आपण खरेदीची पद्धत बदलावी. मूर्तीच्या कारखान्यात गणपतीचा पाट आपण कितीतरी आधी नेऊन देतो. तशीच किराण्याची यादी आठवडाभर आधी दुकानात पोचवावी, दुकानदाराने सामान बांधून ठेवावे आणि आपण ठरल्या वेळी दारातूनच उचलावे. मग पाचांची मर्यादा कोणालाच जाचणार नाही. 3 जूनच्या निसर्ग वादळानंतर वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, कार्ड चालत नव्हते; तेव्हा पत्रे, खिळे, ताडपत्री आणि मेणबत्त्या याच दुकानांनी वहीत नाव लिहून दिल्या. आज त्यांच्या गल्ल्यात रोख पैसे पडणे गरजेचे आहे.

प्रतिसाद (मंडणगड, खासगी नोकरी)

आपली भावना समजते, परंतु मी सहमत नाही. आमच्याकडे वादळानंतर एका दुकानात ताडपत्री जवळजवळ दुप्पट भावाने विकली गेली, आणि गरज असल्यामुळे आम्ही ती मुकाट्याने घेतली. सगळे दुकानदार तसे नाहीत, हे मान्य. पण सगळेच उपकारकर्ते होते, असेही नाही. एप्रिलपासून मला अर्धा पगार मिळतो आहे. मोठ्या दुकानात प्रत्येक वस्तूवर भाव असतो, छापील पावती मिळते, दारात ताप तपासला जातो आणि रांगेसाठी जमिनीवर वर्तुळे आखलेली असतात. गावातल्या दुकानात फळीआड ठेवलेल्या रव्याचा भाव विचारल्यावरच कळतो आणि गर्दी असली की विचारायचाही संकोच होतो. ज्याच्या घरात चार पैसे शिल्लक आहेत, त्याने जरूर स्थानिक दुकानांना आधार द्यावा, पण ते सर्वांचे कर्तव्य ठरवू नये.

प्रतिसाद (किराणा दुकानदार, केळशी)

वरील दोन्ही मते वाचली. माझे दुकान दहा फूट बाय बारा फूट आहे आणि त्यातली अर्धी जागा पोती आणि फळ्या व्यापतात. सहा फुटांचे अंतर प्रामाणिकपणे पाळायचे तर आत पाच काय, दोनच गिऱ्हाइके उभी राहू शकतात. पाच हा आकडा सर्वांना सारखाच लावला गेला. दुकानाच्या क्षेत्रफळाप्रमाणे मर्यादा ठरली असती तर ते अधिक न्यायाचे झाले असते.

यादी आधी देण्याची सूचना चांगली आहे, मात्र तिचा खर्च कोणी मोजत नाही. यादी रात्री फोनवर येते, तिच्यात "गूळ चांगला द्या" एवढेच असते. कोणता, किती, पिवळा की काळा, यासाठी पुन्हा फोन करावा लागतो. सामान बांधायला माणूस लागतो. साखर आणि तेलावर सुटणारा पैसा इतका थोडा असतो की, घरपोच देताना रिक्षाचे भाडेसुद्धा त्यातून निघत नाही. मंडणगडच्या गृहस्थांनी भावाबद्दल लिहिले, त्यावर एवढेच सांगतो की, आम्ही माल तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उचलतो आणि टेंपोचे भाडे वरती चढते. मोठी साखळी दुकाने ज्या भावात घेतात, तो भाव आम्हाला कधीच मिळत नाही. तरीही मार्चपासूनची उधारी मी कोणाच्या दारात जाऊन मागितलेली नाही.

प्रतिसाद (गुहागर)

मला हा वादच अस्थानी वाटतो. घरात ऐंशीच्या घरातले आईवडील आहेत. शासनाने घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितले, उत्सव साधेपणाने करा म्हटले. मग खरेदी तेवढीच का हवी? मखर गेल्या वर्षीचे आहे, समया आहेत, कपडे नकोत. जे लागेल ते ऑनलाइन मागवावे. बाजारपेठ जगवण्यासाठी बाजारात गर्दी करणे मला पटत नाही, मग ते दुकान कोणाचेही असो.

प्रतिसाद (हर्णै)

गुहागरच्या प्रतिसादातील काळजी खरी आहे. पण गौरीचे सूप ऑनलाइन मागवणार काय? ज्या घरी ओवसा (नव्या सुनेने गौरीला सुपातून वाण देण्याची रीत) असतो, तिथे नवी सुपे लागतात, आणि ती आमच्याकडे बुरूड बांबूच्या बेळांपासून विणतात. सूप घेताना बायका ते उजेडाकडे धरून वीण पाहतात, काठ घट्ट बांधला आहे की नाही हे अंगठ्याने दाबून बघतात. पत्री, हळदीची पाने, तेरडा आणि तवशी (मोठ्या काकड्या) विकणाऱ्या बायका वाड्यांवरून टोपल्या घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात.

या चर्चेत दुकानांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु या बायकांना दुकान नाही, दार नाही, यादी पाठवायला फोन नंबर नाही. गर्दी आवरायची वेळ आली की सर्वांत आधी त्यांनाच उठवले जाते. त्यांची वर्षाची कमाई याच चार दिवसांची असते आणि उरलेली पत्री दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही. मला वाटते, शाळा बंदच आहेत, तेव्हा ग्रामपंचायतीने शाळेच्या मैदानावर चुन्याने चौकोन आखून त्यांना अंतराअंतरावर बसवावे. उघड्या हवेत बसणे बंद दुकानापेक्षा सुरक्षितच आहे.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

हर्णैच्या ताईंची मैदानाची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या वॉर्डातून तसे लेखी निवेदन सोमवारीच देतो. गुहागरच्या मताशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. खरेदी कमी करावी, हे ठीक. पण जी होणारच आहे, ती कुरिअरकडे वळवल्याने आपल्या पेठेतील हमाल, टेंपोवाला आणि दुकानात कामाला असलेला मुलगा यांच्या हाती काहीच पडत नाही. ज्यांच्या सुपारीच्या बागा जूनमध्ये आडव्या झाल्या, त्यांना नव्या रोपांचे पीक दिसायला कितीतरी वर्षे जातील. तोवर अशा घरांतील मुले याच पेठेत काम शोधणार आहेत.

केळशीच्या दुकानदारांना विनंती आहे की, नेहमीच्या तीस-चाळीस वस्तूंचे भाव एका कागदावर लिहून त्याचा फोटो गिऱ्हाइकांना पाठवावा. वजन आणि प्रकार त्यातच असला तर पुन्हा फोन करावा लागणार नाही. घरपोच सामानासाठी भाडे वेगळे घ्यावे आणि ते आपण खळखळ न करता द्यावे.

प्रतिसाद (मंडणगड, खासगी नोकरी)

भाव लिहिलेला कागद आला तर मी तो मोठ्या दुकानाच्या पावतीशेजारी ठेवून पाहीन. नारळ, गूळ, पोहे आणि तांदळाचे पीठ गावातूनच घेईन, कारण त्यांत फरक थोडा असतो. तेल आणि साखर जिथे स्वस्त मिळेल तिथूनच येईल, आणि त्याबद्दल मला कोणी दोष देऊ नये.

प्रतिसाद (किराणा दुकानदार, केळशी)

कागद उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो. तेलाचा भाव त्यात लिहिणार नाही. तो दर आठवड्याला हलतो आहे.