शब्द वाचताना कळतात, लिहिताना आठवत नाहीत

प्रश्न
वर्षभर ठरवून वाचतोय. नवा शब्द दिसला की अर्थासकट वहीत उतरवतो. चारशेच्या वर झालेत. पण लिहायला बसलो की पुन्हा 'झालं', 'केलं', 'खूप', 'छान'. परवा पावसावर एक परिच्छेद लिहिला, त्यात 'पाणी पडत होतं' चार वेळा आलं. वहीतला शब्द मुद्दाम घातला तर उसना आणल्यासारखा वाटतो. काय चुकतंय? कोश पाठ करू का?

उत्तर १
पाठांतर नको. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा. वाक्य कानात बसलं की शब्द त्याच्यासोबत येतो. मला तरी याचा उपयोग झाला.

उत्तर २
मी बावीस वर्षं मुद्रितशोधन करते. तुमची वही न बघताही डोळ्यांसमोर येतेय: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. शब्दाला असा एकटा काढला की तो परका होतो. त्याचे सोबती कोण, हेच वहीत उतरत नाही.

तुमचं 'पाणी पडत होतं' घ्या. छप्पर गळतं, नळ ठिबकतो, भिंतीत ओल झिरपते, खडकातून झरा पाझरतो, गालावरून थेंब ओघळतो, भिजून आलेला माणूस निथळतो. यातला एक तरी शब्द तुम्हाला नवा आहे का? नसणार. निथळायला आधी भिजावं लागतं. म्हणून धुतलेली भाजी निथळते, नळ निथळत नाही. एवढा फरक अर्थाच्या रकान्यात मावत नाही, वाक्यातच दिसतो.

म्हणून मी अख्खं वाक्य उतरवते. आठवड्यानं ते झाकून तोच प्रसंग माझ्या शब्दांत लिहिते आणि ताडून बघते. लेखकाचं एका क्रियापदात भागलं आणि मला तीन शब्द लागले, तिथे खूण. मी 'हळूच आत बघितलं' लिहिलेलं असतं, तिथे 'डोकावला' असतं. 'बारकाईनं बघितलं'च्या जागी 'निरखलं'. या खुणा केलेली पानंच मी पुन्हा पुन्हा चाळते, बाकीची नाही.

आणि अर्धवट कळलेला शब्द वापरू नका, अगदी कळकळीनं सांगते. सुरुवातीच्या काळात एका बातमीत 'अंत्यविधी संपन्न झाला' हे मी तसंच जाऊ दिलं. 'संपन्न' म्हणजे 'पार पडला' एवढंच मला ठाऊक होतं. त्यातली भरभराट ऐकूच आली नव्हती. त्या घरच्यांनी ते वाचलं असेल, हे अजून टोचतं.

कोश हवाच, पण शब्द वाचनात भेटल्यावर. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८, सात विभाग) उघडा. त्यात अर्थासोबत जुन्या लेखनातले दाखले आणि वाक्प्रचारही मिळतात. दाखला आधी वाचा, अर्थ मग.

उत्तर ३
नामांकडेही लक्ष द्या. छपराच्या कडेनं पडणाऱ्या पाण्याला 'पागोळ्या' हा शब्द आहेच की.

प्रश्नकर्ता
परिच्छेद पुन्हा लिहिला. सुरुवात अशी झाली: 'पाऊस थांबला होता. पागोळ्या अजून गळत होत्या आणि दाराशी उघडी ठेवलेली छत्री निथळत होती.' 'पाणी' हा शब्द लागलाच नाही. 'पागोळ्या' मात्र वहीत दोनशेव्या की कितव्या तरी ओळीवर सापडला, मीच लिहिलेला.